ओझोनच्या भोकाचं यंदा काय झालं? स्वतः शोधण्याची वाट

१६ सप्टेंबर हा ओझोन दिन. त्या आठवड्यात शाळांत भित्तिपत्रकं लागतात, वर्तमानपत्रांत चौकटी येतात, आणि त्यांत हमखास दोन उलट गोष्टी वाचायला मिळतात. एकीकडे ‘ओझोनचं भोक बुजतंय’, दुसरीकडे ‘ओझोनचं भोक यंदा पुन्हा मोठं’. बहुतेकदा दोन्ही बातम्या खऱ्या असतात. एक चाळीस वर्षांबद्दल बोलत असते, दुसरी त्या आठवड्याबद्दल. हे ऐकून पटत नाही, आकडे उघडून बघितले की पटतं. आकडे फुकट आहेत, रोज ताजे होतात, आणि त्यांतले बरेचसे वाचायला दहावीचं विज्ञान पुरतं. प्रकल्प करणारे विद्यार्थी, त्यांना मदत करणारे शिक्षक आणि या विषयावर पहिल्यांदाच लिहिणारे बातमीदार यांच्यासाठी ही वाट इथे मांडली आहे.

पहिली पायरी : कोणता ओझोन ते ठरवा

मराठीत नुसतं ‘ओझोन पुणे’ किंवा ‘ओझोन मुंबई’ असं शोधलंत तर जे समोर येईल त्यातलं बरंचसं आपल्या कामाचं नसेल. ‘शहरात ओझोन वाढला, दमेकऱ्यांना त्रास’ ही बातमी जमिनीलगतच्या ओझोनची. वाहनांच्या धुरातल्या वायूंवर उन्हाची क्रिया होऊन तो तयार होतो आणि श्वासाला घातक असतो. आपल्याला हवा तो ओझोन वर, स्थितांबरात, साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो आणि अतिनील किरण अडवतो. रेणू तोच, तीन ऑक्सिजन अणूंचा, पण एकाची वाढ ही वाईट बातमी आणि दुसऱ्याची घट ही वाईट बातमी.

वेगळे ओळखायची सोपी खूण म्हणजे एकक. आकड्यापुढे ‘मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर’ किंवा ‘पीपीबी’ (हवेच्या अब्ज भागांत किती भाग) असेल तर विषय प्रदूषणाचा आहे. आपल्याकडे त्याची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ यंत्रणा मोजते तो हाच ओझोन. आकड्यापुढे ‘डॉब्सन’ असेल तर विषय वरच्या थराचा आहे. ज्या बातमीत एककच नाही, ती बाजूला ठेवा. तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

दुसरी पायरी : डॉब्सन एकक आणि तीन आकडे

गॉर्डन डॉब्सन हे ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ. १९२०च्या दशकात त्यांनी सूर्यप्रकाशातले अतिनील किरण मोजून डोक्यावर किती ओझोन आहे ते काढणारं उपकरण बनवलं. त्यांची काही उपकरणं पुढे जगभर गेली, त्यांतलं एक १९२८मध्ये आपल्या कोडाईकनालला आलं. म्हणजे ओझोन मोजण्याच्या कामात भारत जवळपास पहिल्या दिवसापासून आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं सांगितलं जात नाही.

तुमच्या डोक्यावरच्या हवेच्या अख्ख्या स्तंभातला ओझोन खाली आणून शून्य अंश तापमानाला, समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर त्याची जितकी जाडी होईल ती या एककात मोजतात. १०० डॉब्सन म्हणजे १ मिलिमीटर. जगाची सरासरी ३०० च्या आसपास आहे, म्हणजे फक्त ३ मिलिमीटर. हा पहिला आकडा.

दुसरा आकडा २२०. अंटार्क्टिकावर ज्या प्रदेशात ओझोन २२० डॉब्सनच्या खाली जातो, त्या प्रदेशाला भोक म्हणतात. हीच रेषा का, तर १९७९ पूर्वीच्या तिथल्या नोंदींत याहून कमी ओझोन कधी आढळला नव्हता. तिथे आरपार मोकळं काही नसतं, ओझोन असतो, पण विरळ.

तिसरा आकडा आपल्या घरचा. महाराष्ट्रावर साधारण २४० ते २९० डॉब्सन ओझोन असतो, हिवाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. जगाच्या सरासरीपेक्षा हा कमी आहे म्हणून घाबरू नका. ओझोन तयार होतो मुख्यतः विषुववृत्तीय पट्ट्यावर, पण वरचे वारे तो ध्रुवांकडे वाहून नेतात, त्यामुळे आपल्याकडचा थर मुळातच पातळ असतो. एप्रिल-मेच्या दुपारी आपला अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. त्याला कारण डोक्यावर आलेला सूर्य आणि हा नैसर्गिक पातळपणा. अंटार्क्टिकाच्या भोकाशी त्याचा संबंध जोडणारा मजकूर दर उन्हाळ्यात फिरतो, तो बिनदिक्कत खोडून काढावा.

तिसरी पायरी : उपग्रहाचा नकाशा उघडा

इंग्रजीत ‘नासा ओझोन वॉच’ असं टाइप करून शोधा. पहिल्याच पानावर दक्षिण गोलार्धाचा रंगीत नकाशा दिसतो. जांभळा आणि निळा म्हणजे ओझोन कमी, पिवळा आणि लाल म्हणजे जास्त. घाईत लोक इथे उलट अर्थ लावतात, कारण लाल म्हणजे धोका अशी आपल्याला सवय आहे.

नकाशाखालचे आलेख जास्त महत्त्वाचे. त्यांतले दोन आधी बघा: भोकाचं क्षेत्रफळ आणि सर्वांत कमी मोजलेला ओझोन. दोन्हींत यंदाची रेषा आणि तिच्यामागे करडा पट्टा असतो. करडा पट्टा म्हणजे मागच्या सगळ्या वर्षांचा पल्ला. यंदाची रेषा पट्ट्याच्या आत आहे की बाहेर, वरच्या बाजूला की खालच्या, एवढं बघितलंत तरी बातमीतल्या ‘विक्रमी’ या शब्दाची परीक्षा होते. दोन्ही आलेखांत ‘वाईट’ची दिशा मात्र उलटी आहे. क्षेत्रफळाच्या आलेखात वर जाणं वाईट, किमान ओझोनच्या आलेखात खाली जाणं वाईट.

मग वर्षनिहाय तक्त्यावर जा. तिथे क्षेत्रफळाची सरासरी ७ सप्टेंबर ते १३ ऑक्टोबर या काळाची असते. बातमीत मात्र बरेचदा एका दिवसाचा उच्चांक असतो. हे दोन आकडे एकमेकांशी ताडू नयेत. ९ सप्टेंबर २०००ला भोक जवळपास ३ कोटी चौरस किलोमीटर झालं होतं, हा एका दिवसाचा आकडा. २०२४ची सरासरी सुमारे २ कोटी चौरस किलोमीटर. आपला देश ३३ लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे २०२४चं भोक सहा भारतांएवढं होतं. आणि तरी १९९२ नंतरच्या वर्षांत ते सातवं लहान होतं! तक्त्याच्या सुरुवातीला, १९७९मध्ये, सरासरी क्षेत्रफळ जवळपास शून्य दिसेल. १९९५चा आकडा सापडणार नाही, कारण त्या हंगामात मोजणारा उपग्रहच नव्हता. स्वतःचा आलेख काढताना ती जागा रिकामीच ठेवा, आजूबाजूच्या वर्षांची सरासरी काढून भरू नका.

युरोपचा वेगळा स्रोत हवा असेल तर ‘कोपर्निकस’ची वातावरण निरीक्षण सेवा आहे, ती पुढच्या पाच दिवसांचा अंदाजही देते. नासा आणि कोपर्निकसच्या आकड्यांत थोडा फरक दिसेल. उपग्रह वेगळे, गणिताची प्रारूपं वेगळी. एका आलेखात दोघांची सरमिसळ केली नाही म्हणजे झालं.

चौथी पायरी : एका वर्षावरून निकाल देऊ नका

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक चुकीच्या बातम्या इथेच जन्मतात.

भोक पडायला क्लोरीन लागतं, पण नुसतं क्लोरीन पुरत नाही. सीएफसी, म्हणजे पूर्वी फ्रिज-एसीत वापरले जाणारे क्लोरीनयुक्त कृत्रिम वायू, वर जाऊन फुटले की त्यांतलं क्लोरीन आधी निरुपद्रवी संयुगांत अडकून पडतं. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात स्थितांबर उणे ७८ अंशांच्या खाली गेलं की तिथे ढग तयार होतात, आणि त्या ढगांच्या कणांवर हे क्लोरीन मोकळं व्हायला लागतं. ही क्रिया सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये मांडली. मग ऑगस्ट-सप्टेंबरात ध्रुवावर ऊन परतलं की ओझोनचा फडशा पडतो. म्हणून भोक सप्टेंबर-ऑक्टोबरातच मोठं होतं आणि वर्ष सरता सरता भरून येतं. मार्चमध्ये कोणी ‘अंटार्क्टिकाचं भोक बुजलं’ म्हणालं तर त्यात नवल काहीच नाही.

यातून निघणारी गोष्ट अशी की एखाद्या वर्षी वरची हवा नेहमीपेक्षा उबदार राहिली तर क्लोरीन तेवढंच असूनही भोक लहान होतं. २००२मध्ये ते चक्क दोन तुकड्यांत फाटलं. २०१९मध्ये उच्चांक १.६४ कोटी चौरस किलोमीटरवरच थांबला, १९८२ नंतरचं सर्वांत लहान भोक. तेव्हा उत्साहाच्या भरात ‘ओझोन वाचला’ असे मथळे आले, आणि पुढच्याच २०२० व २०२१च्या हंगामांत मोठी भोकं पडली. त्यावर ‘करार फसला’ (म्हणजे सीएफसी बंद करणारा १९८७चा माँट्रियल करार) असेही मथळे आले. दोन्ही मथळे तापमानाबद्दलचे होते, लिहिणाऱ्यांना ते माहीत नव्हतं इतकंच. जानेवारी २०२२मध्ये टोंगाजवळचा हुंगा ज्वालामुखी फुटला, त्याने स्थितांबरातली वाफ जवळपास दहा टक्क्यांनी वाढवली. ढगांना वाफही लागते, म्हणून त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचे आकडे वाचताना तेही ध्यानात ठेवावं लागतं.

म्हणून आलेख काढताना निदान दहा वर्षांची चालती सरासरी (दर वर्षी एक वर्ष पुढे सरकत काढलेली) घ्या. जमल्यास फक्त सप्टेंबरचा आलेख वेगळा काढा. ऑक्टोबरमध्ये हवामानाचा गोंधळ जास्त असतो, सप्टेंबरमध्ये क्लोरीनचा परिणाम त्यातल्या त्यात स्वच्छ दिसतो. सॉलोमन यांच्याच गटाने २०१६मध्ये ‘थर सावरायला लागला’ असं दाखवलं ते सप्टेंबरच्याच आकड्यांवरून.

पाचवी पायरी : जमिनीवरच्या नोंदी

उपग्रह सगळी पृथ्वी बघतो, पण सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांना ध्रुवावरच्या अंधाऱ्या हिवाळ्यात काही दिसत नाही. शिवाय उपग्रह म्हातारे होतात. त्यांना खाली कोणीतरी ताडून बघणारं लागतं. मुळात भोक सापडलं तेही जमिनीवरून. अंटार्क्टिकातल्या हॅली या ब्रिटिश तळावर १९५०च्या दशकापासून डॉब्सन उपकरणाने नोंदी चालू होत्या. त्यांच्या आधारे जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५मध्ये निबंध छापला. नासाच्या संगणकाने कमी आकडे चूक समजून फेकून दिले, ही गोष्ट तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. ती तशी घडलेली नाही. फार कमी आकड्यांवर संगणकाने शंकेची खूण केली होती, फेकले नव्हते. नासाच्या गटातले पवन भारतिया यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राग इथल्या परिषदेत उपग्रहाची आकडेवारी मांडली, तेव्हा भोकाची व्याप्ती जगाला दिसली. तुमच्या प्रकल्पात ती जुनी दंतकथा असेल तर काढून टाका.

जगभरच्या केंद्रांच्या नोंदी टोरांटोच्या जागतिक ओझोन आणि अतिनील प्रारण विदा (डेटा) केंद्रात जमा होतात. ‘डब्ल्यूओयूडीसी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी शोधा. तिथे देश आणि केंद्र निवडून फायली उतरवता येतात. एक खाचखळगा आधीच सांगतो: तिथल्या यादीत पुणे हे नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, म्हणजे ‘पूना’ असं आहे. नव्या स्पेलिंगने शोधून ‘पुण्याची नोंदच नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

हवामान खात्याची डॉब्सन उपकरणं दिल्ली, वाराणसी, पुणे, कोडाईकनाल, श्रीनगर अशा ठिकाणी काम करत आली आहेत. ओझोन मोजणारे फुगे दिल्ली, पुणे आणि तिरुवनंतपुरमहून सोडले जात, आणि अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ तळावरूनही. फुग्याचा फायदा असा की तो ३० किलोमीटरच्या वर जाताना प्रत्येक उंचीवरचा ओझोन सांगतो, एकूण बेरीज नव्हे, आणि त्याला उजेड लागत नाही. खात्याचं राष्ट्रीय विदा केंद्र पुण्यातच आहे. तिथे नोंदींची रीतसर मागणी करता येते, विद्यार्थ्याने संस्थेच्या पत्रासह करावी हे बरं. पण सलग मालिका मिळेलच अशी आशा ठेवून प्रकल्पाची तारीख ठरवू नका.

सहावी पायरी : ओझोन नव्हे, वायू बघा

‘थर सावरतोय का’ या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर ओझोनच्या आकड्यांत नाहीच. ते हवेतल्या सीएफसीच्या आकड्यांत आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेची जागतिक निरीक्षण प्रयोगशाळा सीएफसी-११, सीएफसी-१२ वगैरेंचं हवेतलं प्रमाण सतत मोजते आणि त्या सगळ्यांचा मिळून एक निर्देशांक काढते. हे आलेख ओझोनसारखे वरखाली नाचत नाहीत, संथ उतरतात. सीएफसी-११ हवेत सरासरी ५० वर्षांच्या आसपास टिकतो, सीएफसी-१२ तर १०० वर्षं. तेव्हा १९८७च्या माँट्रियल कराराचं फळ इतकं सावकाश का मिळतंय याचं उत्तर इथे आहे.

हेच आलेख पोलिसाचं कामही करतात. सीएफसी-११चं उत्पादन २०१०पासून जगभर बंद असायला हवं होतं. २०१८मध्ये नोआच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याची घसरण अचानक मंदावली आहे, म्हणजे कुठेतरी कोणीतरी तो नव्याने सोडतंय. २०१९मध्ये कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून बोट पूर्व चीनकडे गेलं. त्यानंतर उत्सर्जन पुन्हा उतरलं. माझ्या मते शाळेच्या प्रकल्पासाठी अंटार्क्टिकाच्या नकाशापेक्षा ही गोष्ट कितीतरी चांगली आहे: आकडे थोडे, गुन्हा, माग आणि उलगडा सगळं आहे.

सातवी पायरी : भारताचे कागद, आणि घरातला एसी

भारत माँट्रियल करारात १९९२मध्ये सामील झाला. अंमलबजावणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘ओझोन सेल’कडे आहे, नियम २०००चे आहेत. सीएफसी, हॅलॉन आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांचा वापर आपण १ जानेवारी २०१०पर्यंत मोडीत काढला. आता एचसीएफसींची, म्हणजे सीएफसींच्या जागी आलेल्या कमी घातक वायूंची, पाळी आहे: ठरलेल्या पातळीच्या ३५ टक्के कपात २०२०पर्यंत, ६७.५ टक्के २०२५पर्यंत, आणि २०३०ला दुरुस्तीपुरता थोडा वाटा सोडून सगळी बंद.

देशोदेशींनी कळवलेले आकडे नैरोबीच्या ओझोन सचिवालयाच्या पानावर वर्षनिहाय मिळतात. तिथे एखाद्या वर्षी वापर उणे दिसला तर तक्ता चुकला असं समजू नका. वापर म्हणजे उत्पादन अधिक आयात उणे निर्यात, असा तो हिशेब आहे. मागचा साठा निर्यात झाला की बेरीज शून्याखाली जाते.

याच पायरीत एक काम खुर्चीवरून उठून करायचं. घरातल्या किंवा शाळेतल्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरचं लेबल वाचा. आर-२२ लिहिलं असेल तर तो एचसीएफसी, ओझोनला थोडा का होईना घातक: सीएफसी-११ला १ धरलं तर याची शक्ती ०.०५५. आर-३२, आर-४१०ए आणि फ्रिजमधला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवा तापवतात. त्यांच्यासाठी माँट्रियल कराराची २०१६ची किगाली दुरुस्ती आहे आणि भारताचा वापर २०२८पासून गोठवायचा आहे. आर-६००ए आणि आर-२९० या दोन्ही दोषांतून जवळपास सुटलेले, मात्र पेट घेणारे. गॅस भरायला येणाऱ्या मेकॅनिकला जुना गॅस तो हवेत सोडतो की सिलिंडरमध्ये काढून घेतो, हे विचारा. उत्तर प्रकल्पाच्या वहीत लिहायला हरकत नाही, नाव मात्र लिहू नका.

आठवी पायरी : एक बातमी तपासून बघा

जुलै २०२२मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञाचा निबंध आला. विषुववृत्तीय पट्ट्यावर अंटार्क्टिकापेक्षा कैकपट मोठं, बारमाही ओझोनचं भोक आहे, असा दावा. आपण त्याच पट्ट्यात राहतो, त्यामुळे आपल्याकडेही तो झळकला. सरावासाठी ही उत्तम बातमी आहे.

व्याख्या बघा. निबंधात भोक म्हणजे २२० डॉब्सनच्या खालचा प्रदेश नव्हे, तर एका मानलेल्या मूळ पातळीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त घट. शब्द तोच, माप वेगळं. मग एकूण स्तंभाचे आकडे बघा. आपल्या अक्षांशांवरची उपग्रहांची मालिका उघडली तर १९८० पासून तिथे एवढी घसरण दिसतच नाही, आणि अतिनील किरणांचा तसा भडकाही नोंदलेला नाही. शेवटी, या क्षेत्रातले इतर काय म्हणाले ते बघा. ओझोनवर काम करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष नाकारला. हा सगळा तपास एका संध्याकाळी होतो.

वर्षाचं वेळापत्रक

ऑगस्टअखेर ओझोन वॉचचा आलेख रोज बघायला लागा. ७ सप्टेंबर ते १३ ऑक्टोबरचे आकडे वहीत उतरवा, प्रत्येकापुढे तारीख, स्रोत आणि ‘एका दिवसाचा की सरासरी’ हे लिहा. नासा आणि नोआ मिळून हंगामाचा आढावा बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात देतात, तो आल्यावर आपली वही ताडून बघा. मार्चमध्ये नकाशा उलटा करून उत्तर ध्रुव बघा. तिथे सहसा काही घडत नाही, पण मार्च २०२०मध्ये ओझोन २०५ डॉब्सनपर्यंत उतरला होता. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांचा मोठा शास्त्रीय अहवाल दर चार वर्षांनी येतो. २०२२च्या अहवालानुसार थर १९८०च्या पातळीवर यायला अंटार्क्टिकावर साधारण २०६६ उजाडेल, उत्तर ध्रुवावर २०४५, आणि आपण राहतो त्या उरलेल्या जगावर २०४०. पुढचा अहवाल हाती आला की आधी याच तीन सालांचं पान उघडा.